हलकी पोती

पाणी कॉटच्या पट्ट्यांना लागलं तेव्हा हिरा माझ्याकडे बघत होती आणि मी दाराकडे. हिरा माझी धाकटी जाऊ. उजव्या अंगावरून वारं गेलेलं, वाचा बसलेली. उठता येत नाही, हाक मारता येत नाही. घरात आम्ही दोघीच होतो. तिचा मुलगा बापू पेरू घेऊन इंदापूरच्या बाजाराला गेलेला, सून पोरांना घेऊन माहेरी. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील, पण घरात दिवेलागणीसारखा अंधार. दारातून गढूळ पाणी आत येत होतं आणि त्याच्यावर तरंगत पेरूच्या फोमच्या जाळ्या येत होत्या, पांढऱ्या, लाह्यांसारख्या. येऊन कॉटभोवती गोळा होत होत्या.

मी हिराच्या काखेत हात घालून तिला ओढून बघितलं. ती हलली नाही. मी सत्तरी ओलांडलेली आणि ती अंगानं माझ्या दीडपट. कोपऱ्यात पेरूची रिकामी कॅरेटं होती. त्यांतली दोन ओढून तिच्या पाठीमागं लावली आणि तिला कशीबशी बसती केली. आडवी असती तर पाणी तोंडाला लगेच लागलं असतं. बसली तर थोडा वेळ मिळेल, एवढंच डोक्यात होतं. मग मी निघाले. रस्त्याखालच्या नळ्या तुंबल्या होत्या आणि त्या मोकळ्या केल्याशिवाय पाणी उतरणार नव्हतं. हिरानं डाव्या हातानं माझा पदर धरला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि बाहेर पडले.

हे मी चांगलं केलं की वाईट, यावर वस्तीत अजून दोन मतं आहेत. मी त्यात पडत नाही.

हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस जवळ आला की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. दिवसा ऊन चटके देतं, घाम मानेवरून खाली वाहतो, आणि दुपार कलली की पश्चिमेला, बारामतीच्या अंगाला, ढग एकावर एक चढायला लागतात. उसाला वारा लागत नाही. जनावरं चारा खाता खाता थांबतात. याच दिवसांत आमच्याकडे पेरूच्या बागा पिशव्यांनी भरून गेलेल्या असतात. फळ लिंबाएवढं झालं की प्रत्येक फळाला आधी फोमची जाळी घालायची, मग वरून प्लास्टिकची पिशवी बांधायची. माशी बसत नाही, डाग पडत नाही, फळ चकचकीत निघतं. मी स्वतः कितीतरी हंगाम हे काम केलं. दिवसभर हात वर करून उभं राहायचं. फोम बोटांना चिकटतो, पिशवी घामानं ओली होते, आणि संध्याकाळी कान बंद केले तरी कुरकुर ऐकू येते. वारा सुटला की अख्खी बाग कुरकुरते. पानांचा आवाज त्यात बुडून जातो. तो आवाज आला की मी आजही उठून ओढ्याकडे बघून येते. पाणी नसलं तरी बघते.

आमची वस्ती निरवांगीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला. माझं घर वर, टेकाडावर. हिराचं घर खाली, रस्त्याला लागून. रस्त्याखाली सिमेंटच्या तीन नळ्या आहेत, ओढा त्यांतून पलीकडे जातो आणि पुढं नीरेला मिळतो. नळ्यांतून जे पाणी जात नाही ते हिराच्या अंगणात येतं. हे लग्न होऊन आले त्या वर्षापासून मला माहीत आहे. मला माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगू शकत नाही.

लोक म्हणतात, पूर्वी गावं किती स्वच्छ होती. होती. टाकायलाच काही नव्हतं. तेलाची बाटली एकच, ती घेऊन दुकानात जायचं. बाजाराला कापडी पिशवी, तीही फाटेपर्यंत. शिळं म्हशीला, राख उकिरड्याला, चिंधी वाकळेला. आम्ही शहाणे होतो म्हणून नाही, आमच्याकडे वस्तूच नव्हत्या. मग प्लास्टिक आलं आणि मला त्याचा राग कधीच आला नाही. छपरावर प्लास्टिकचा कागद टाकला म्हणून गळकं घर कोरडं राहिलं. घागर हलकी झाली, माझी मान वाचली. ठिबकच्या नळ्यांनी ऊस जगला. प्लास्टिकनं आमचं वाईट केलं असं म्हणणाऱ्यानं आधी पितळेची घागर डोक्यावर घेऊन ओढा चढून दाखवावा. फक्त काम झाल्यावर त्याचं काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. घरात नको ते ओढ्यात टाकायचं, एवढंच आम्हाला येत होतं. ओढ्यात टाकलं की गेलं. कुठं गेलं, ते हिराला विचारायचं.

हिरा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. धडधाकट होती तेव्हा सकाळी सकाळी अंगणातून तिचा आवाज टेकाडावर यायचा.

"ओ थोरल्या जाऊबाई! तुमचा परसाद आलाय बगा माज्या दारात!"

"माजं नाव लिवलंय व्हय त्याच्यावर?"

"नाव कशाला पायजे? तुमच्याच घरात त्या चहाच्या पुड्या येत्यात. आमी तर सुट्टा चहा आणतो!"

"ओढा काय तुज्या बापाचा हाय?"

"न्हाय. पर दार माज्या नवऱ्याचं हाय!"

मग मी वरून आणखी एक पिशवी टाकायची. तिच्या देखत. आम्ही दोघी अशाच भांडत म्हाताऱ्या झालो. एके दिवशी ती चुलीपुढं पडली आणि उठली ती अर्धीच. त्यानंतर खालून आवाज येईनासा झाला. खरं सांगते, मला टाकायला सोपं गेलं. कुणी ओरडत नाही म्हटल्यावर हात मोकळा सुटतो. आठ दिवसांनी टाकायची ते मी रोज टाकायला लागले. रोज दोन वेळा तिला चहा पाजायला खाली जात होते आणि जाता जाता पिशवीही नेऊन ओढ्यात टाकत होते.

पुराच्या आदल्या साली ग्रामसभेत दोन ठराव झाले. पहिला असा की, प्रत्येक घरानं आपलं प्लास्टिक वेगळं काढून पोत्यात भरायचं, गाडी येऊन घेऊन जाईल. दुसरा असा की, पाऊस संपल्यावर ओढ्यावर बंधारा घालायचा. आमच्याकडे असा बंधारा खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून घालतात. ओढा आटायच्या आधी पोती आडवी रचायची, पाणी अडतं, विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरतं. प्रत्येक घरानं दहा पोती द्यायची ठरली. दोन्ही ठराव मांडले वैशालीनं. ती बुद्धवस्तीतली, ग्रामपंचायतीची सदस्य, आणि बारामतीला एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं मांडलं म्हणून काही जणांनी हात वर करायला वेळ लावला, पण केला.

प्लास्टिकची पोती भरून झाली. गाडी आली नाही. एक आठवडा झाला, तीन आठवडे झाले. पोती ओसरीवर, त्यांत उंदरांनी घर केलं. इकडं बंधाऱ्याचा दिवस जवळ आला. मी खोरं घेऊन दोन पोती माती भरली आणि कंबर धरून खाली बसले. माती जड असते. ओसरीवर बघितलं तर आठ पोती भरून, तोंडं शिवून तयार. मी स्वतः दाभणानं शिवलेली, सुतळीचा दुहेरी टाका, शेवटी गाठ. दोन आणि आठ दहा. मला वाटलं आपण डोकं चालवलं. कचराही ठिकाणी लागला आणि बंधाराही झाला. आजूबाजूच्या बायका येऊन बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची पोतीही पटापट भरून झाली.

बंधाऱ्यावर माणसं ओळीनं उभी होती. आमची वस्ती, बुद्धवस्ती, सगळी एकाच ओळीत, एका हातातून दुसऱ्या हातात पोतं जात होतं. माझ्या शेजारी वैशाली. तिनं माझ्या हातातलं पोतं घेतलं आणि थांबली.

"काकू, ह्यात मातीच हाय ना?"

"न्हाय, सोनं हाय."

"हलकं लागतंय."

"तुजं वय हाय उचलायचं. आमा म्हाताऱ्यांना इचार जड का हलकं."

बायका हसल्या. तीही हसली, पण हसता हसता तिनं पोत्यावर दोन बोटं दाबली. आत पिशव्या कुरकुरल्या. तिला कळलं. तिला कळलं हे मलाही कळलं. तिनं पोतं पुढच्याच्या हातात दिलं. खाली हलकी पोती गेली, वरच्या थरात मातीची. बंधारा उभा राहिला, पाणी अडलं, सरपंचांनी त्याच्यावर उभं राहून फोटो काढला. माघात हिराच्या विहिरीला पाणी होतं. मी मनात म्हटलं, बघ, तुझ्या दारात टाकून टाकून मी तुला पाणी आणून दिलं.

नंतर मी वैशालीला विचारलं होतं, तू तेव्हा बोलली का नाहीस. ती म्हणाली, "काकू, दोन्ही वस्त्या पैल्यांदा एका वळीत हुभ्या होत्या. तुमचं पोतं सोडलं असतं तर ती वळ मोडली असती. मला वाटलं, एवढ्या पोत्यांत चार हलकी निघाली तर काय बिघडतंय." ती तेव्हा चुकली. मी तिच्याआधी चुकले. दोघींचं वजन सारखं नाही, हे मी जाणते.

मातीच्या पोत्याचं एक बरं असतं. पुढच्या पावसाळ्यात पोतं कुजतं, फुटतं, माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि रिकामं पोतं नळीतून पलीकडे निघून जातं. बंधारा दरवर्षी असाच जातो, दरवर्षी नवा घालायचा. आमची पोती फुटली नाहीत. पावसाळाभर वरची माती धुपत राहिली आणि हत्तीच्या पावसात, एका रात्रीत पडलेल्या पाण्यावर, ती सगळी एकदम उचलली गेली. तरंगत खाली आली आणि नळ्यांच्या तोंडात एकावर एक बसली. मागून काठाचा सगळा कचरा आला, बागांतल्या टाकलेल्या पिशव्या, जाळ्या, पोरांच्या हगीज, पत्रावळ्या. तो पोत्यांच्या फटींत जाऊन बसला. लिंपून काढावं तशा नळ्या बंद झाल्या.

हिराच्या घरातून निघाले तेव्हा बाहेर कमरेएवढं पाणी होतं. दारातला विळा घेतला होता. काठावरच्या बाभळी धरत धरत रस्त्याच्या कडेला पोचले. नळ्या दिसत नव्हत्या, नुसता भोवरा दिसत होता आणि त्यात एका पोत्याचं ढुंगण. मी वाकून विळा घातला. पोतं फाटलं आणि आतल्या शेकडो पिशव्या बाहेर पडून गरगर फिरल्या आणि पुन्हा नळीच्या तोंडाला जाऊन चिकटल्या. होती तेवढी फटही गेली. पाणी माझ्या डोळ्यांदेखत बोटभर वर चढलं.

"काकू, फाडू नका! फाडू नका!"

रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं वैशाली ओरडत होती. रात्रपाळी करून परत येत होती. रस्त्यावरून पाणी चाललेलं, तिनं स्कूटी तिकडंच सोडली आणि गुडघाभर पाण्यातून माझ्याकडे आली.

"हिराकाकू कुठं हायत?"

"घरात."

"एकट्या?"

"मग काय नाचायला गेल्यात?"

ती घराकडे वळली आणि तिथंच थांबली. मी आले तेव्हा जे पाणी नुसतं साचलेलं होतं त्याला आता धार लागली होती. ओढ्यानं पात्र सोडलं होतं आणि तो हिराच्या अंगणातून वाहत होता. मी मागं वळून बघितलं नसतं तर मला ते कळलंही नसतं. आता घराकडे कुणाला जाता येणार नव्हतं. मलाही नाही.

आम्ही दोघींनी मिळून पोती ओढायला सुरुवात केली. भिजलेलं पोतं, त्यात नळी त्याला आत ओढते. एकही हललं नाही. तेवढ्यात बापूचा ट्रॅक्टर आला. पुढचा रस्ता बंद म्हणून तो वाटेतूनच परत फिरला होता, ट्रॉलीत पेरू तसेच. त्यानं आमच्याकडे बघितलंही नाही, उडी मारून सरळ घराकडे निघाला. दहा पावलं गेला असेल, पाय सुटले. खालच्या बाभळीला अडकला म्हणून मिळाला. वैशालीनं अंगावरची ओढणी फेकली, तिला धरून तो परत रस्त्यावर आला. कपाळ फुटलं होतं.

"आय आत हाय!"

"मला ठाव हाय."

"मोठी आय, तू तिला सोडून आलीस?"

"व्हय. आता वरडू नगो. दोर काढ."

ट्रॉलीत कॅरेटं बांधायचा दोर होता. एक टोक ट्रॅक्टरला. दुसरं टोक पोत्याला बांधायचं तर पाण्याखाली जायला हवं. बापूनं दुसरा दोर स्वतःच्या कमरेला बांधला, तो आम्ही दोघींनी धरला, आणि तो खाली गेला. मी आयुष्यात एवढा वेळ कधी मोजला नाही. हिराच्या गोठ्यातून म्हशीचं रेकणं येत होतं. मग ते यायचं थांबलं. बापू वर आला, थुंकला, ट्रॅक्टरवर चढला. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली, दोर ताणला गेला आणि मधल्या नळीतलं पोतं अख्खं बाहेर येऊन रस्त्यावर पडलं.

त्याच्या तोंडाला सुतळीचा दुहेरी टाका होता. शेवटी गाठ.

पाऊस एवढा पडत होता की डोळे उघडे ठेवता येत नव्हते, पण तो टाका आम्ही तिघांनीही बघितला. बापूनं विचारलं, "ही कुणाची?"

"माजी."

तो माझ्याकडे बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "बगत काय बसलायस, पुढची बांद."

तो पुन्हा खाली गेला. अशी सहा पोती काढली. चार माझी होती.

पाणी ओसरल्यावर शिवारात जे दिसलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. उसाच्या पानांना, बाभळींच्या काट्यांना, तारांच्या कुंपणाला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत पिशव्याच पिशव्या. ऊन पडलं की सगळं चमकायचं. जनावरं सोडायची सोय राहिली नाही. कुणीतरी तोंड घालायचं आणि पोट फुगून मरायचं. पारावर माणसं जमली. एक तात्या म्हणाले, "त्या वस्तीतली दोन-चार माणसं बोलवा. रोज देऊन टाकू, आवरतील ती." वैशाली समोरच उभी होती.

"बोलवा की, तात्या. कुणाला बोलवू? आमच्या वस्तीतला एक शाळेत मास्तर हाय. एक बँकेत हाय. एक पुण्याला इंजिनियर हाय, त्यो दिवाळीला येतो. तंवर तुमचा ऊस थांबंल?"

मी तिथंच उभं राहून सांगितलं की नळ्यांत बसलेली चार पोती माझी होती आणि त्यांत माती नव्हती. कुणीतरी म्हणालं, आमची तर मातीचीच होती. मी म्हटलं, असतील. मी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. माझे टाके मला ओळखू आले, लोकांचे ओळखायचं काम माझं नाही. मग मी रिकामं पोतं घेतलं आणि बापूच्या उसात शिरले. दुपारपर्यंत एकटीच होते. दुपारनंतर बायका आल्या. संध्याकाळी तात्यांची सून आली, आणि तिसऱ्या दिवशी तात्या स्वतः आले, हाताला पिशवी गुंडाळून. मी म्हटलं, ही पण नंतर पोत्यात टाका.

आता या गोष्टीला तीन वर्षं झाली. दर गुरुवारी गाडी येते. पहिल्या वर्षी वैशाली दर बुधवारी फोन करून करून ती आणायची, आता आपोआप येते. दूध गोळा करायची जुनी खोली आहे, तिथं प्रत्येक घराची दोन पोती लावलेली, एक विकलं जाणाऱ्याचं आणि एक न जाणाऱ्याचं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालाव्या लागतात. नव्या सुना हसतात, म्हणतात, आजी, चिमटे लावू का. लावा म्हटलं. पहिल्यांदा कुणी धूत नव्हतं, सगळ्या खोलीला आंबूस वास यायचा. मी ती पोती ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन टाकली. त्यामुळे मला फौजदारीण म्हणतात. म्हणू दे.

सगळं मार्गाला लागलं असं मी लिहिणार नाही. गुटख्याच्या पुड्या कुणी घेत नाही. हगीज कुणी घेत नाही. त्या काळ्या पिशवीत लपवून आणल्या तरी हाताला कळतात. आणि पेरूच्या जाळ्या गाडीवाला नेत नाही, म्हणतो गाडी भरते आणि वजन काहीच भरत नाही. बापू एक जाळी दोन हंगाम वापरतो, तोडणीच्या वेळी बायकांना खाली टाकू देत नाही, कॅरेटात गोळा करायला लावतो. बाकीच्या बागांत अजून झाडाखाली पडलेल्या असतात. जुन्या खोलीचा अर्धा भाग त्या जाळ्यांनी भरलाय, छतापर्यंत. दार उघडलं की अंगावर येतात. वैशाली ठिकठिकाणी विचारते आहे. अजून कुणी घेणारा मिळालेला नाही. पाऊस त्याची वाट बघणार नाही, म्हणून मी त्या खोलीला दोन कड्या लावल्यात.

बंधारा दरवर्षी होतो. पोती रचायच्या आधी मी हातात सळई घेऊन उभी राहते आणि एकेका पोत्यात खुपसते. माती असली की सळई रुतते आणि कणकण वाजते. दुसरं काही असलं की ती लगेच आत जाते, आवाज करत नाही. गेल्या वर्षी एक निघालं. कुणाचं ते त्याला आणि मला माहीत आहे. तो म्हणाला, "काकू, एकच व्हतं." मी म्हटलं, "माजी आठ व्हती. तवा माज्याम्होरं आकडा सांगू नगो." त्यानं ते उचलून नेलं.

आज पुन्हा ढग आलेत. बागा कुरकुरताहेत. मी सकाळी नळ्या बघून आले, दुपारी पुन्हा बघून आले. तिन्हीतून पलीकडचा उजेड दिसतो. तरी तिथं उभं राहिलं की मला त्या दिवशीचा शेवट दिसतो.

सहावं पोतं निघालं तेव्हा नळ्यांनी आवाज केला, तहानलेली म्हैस पाण्याला तोंड लावते तसा. पाणी लगेच उतरलं नाही. आम्ही तिघं रस्त्यावर उभे राहून अंगणातली धार बघत होतो. बापू तीनदा निघाला, तीनदा त्याला धरलं. वैशाली घड्याळ बघत होती, नर्सला सवय असते. मी फक्त हे धरून होते की हिराला मी बसती केली होती. कॅरेटं सरकली असतील तर ती पडली असेल, आणि पडली असेल तर तिला उठता येत नाही. आणि तिनं हाक मारली असेल तरी ती हाक नव्हती, नुसतं अं अं.

धार मोडली तेव्हा आम्ही गेलो. दार आतून कशाला तरी अडलं होतं, बापूनं खांदा लावला. आत कॅरेटं उलटी होऊन तरंगत होती. भिंतीवर पाण्याची रेघ कॉटच्या बरीच वर गेलेली. कॉट भिंतीला जाऊन टेकली होती आणि हिरानं डाव्या हातानं खिडकीचा गज धरला होता. पाणी तिच्या काखेशी होतं. केसांत, मानेवर, तोंडाभोवती फोमच्या जाळ्या चिकटलेल्या. वैशालीनं आधी तोंडावरच्या जाळ्या काढल्या, मग मानेला बोटं लावली. हिराचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे वळले.

बापू तिला उचलायला वाकला. मी म्हटलं, थांब. आणि तिथंच, पाण्यात उभी राहून, तिला सांगितलं, "हिरे, नळ्यांत पोती बसली व्हती. ती माजी व्हती. तुज्या दारात टाकायची तेच भरलं व्हतं त्यांत."

तिनं गज सोडला आणि त्याच हातानं माझ्या तोंडात मारली. हातात जोर राहिला नव्हता, पण लागली. मग तिला उचलून बाहेर नेलं.

दावणीची म्हैस गेली. त्या दिवशी पाण्यात आम्ही चार माणसं होतो, हिरा, बापू, वैशाली आणि मी. चौघंही वाचलो. हिरा खाली तिच्या घरात आहे आणि मी रोज दोन वेळा तिला चहा पाजायला जाते.